जाळलेली गाडी काय सांगते आणि काय नाही

गोव्यातल्या डिचोलीच्या एका गॅरेजात मेस्तांनी मला चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या पोलादात ठोकलेला नंबर, दाखवला होता. जुनी गाडी नावावर करून घ्यायची होती, त्यासाठी नंबरचा ठसा हवा होता. त्यांनी बॉनेट उघडलं, फडक्याने पत्र्यावरचं तेल पुसलं, वर कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. लहानपणी आपण नाण्याचा ठसा घ्यायचो तसे सतरा अंक-अक्षरं एकेक करून कागदावर उमटली. ‘‘गाडी जाळली तरी हा जायचा नाही बघा,’’ मेस्त म्हणाले.

खून करून पळालेले लोक गाडी एखाद्या ओसाड सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, नेऊन पेटवतात, ते नंबर प्लेट, बोटांचे ठसे, केस, रक्त सगळं एकदम जाईल या आशेने. प्लेट जातेही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि नीट पेटलेल्या गाडीत तापमान ८०० अंशांच्या वर जातं. पोलाद मात्र १५०० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून त्यात ठोकलेला नंबर राहतो. काचा बंद ठेवून पेटवली तर बऱ्याचदा आतला ऑक्सिजन संपून आग आपणच विझते आणि काजळीच्या थराखाली ठसेसुद्धा टिकून राहतात.

कोणी नंबर आधीच ग्राइंडरने घासलेला असतो. तरी अंक ठोकताना त्याखालचं पोलादही दबलेलं असतं, त्यातल्या स्फटिकांची रचना बिघडलेली असते. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण फिरवलं की दबलेला भाग वेगळ्या गतीने झिजतो आणि पुसलेला अंक अंधुकसा वर येतो. आग मात्र फार तापली असेल तर स्फटिक पुन्हा नव्याने जुळतात आणि हा अंकही हरवतो.

आता पेट्रोल. ते जळून जातं असं आपल्याला वाटतं, पण फ्लोअर मॅटखाली, सीटच्या फोममध्ये हवा कमी पोचते आणि तिथे थोडं उरतं. हा तुकडा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरला तर वाफ पिशवीतून निघून जाते, म्हणून घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा लागतो. प्रयोगशाळेत डबा गरम करतात, वाफ कोळशाच्या पट्टीवर धरतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफमधून तिचे घटक सुटे करतात. अडचण अशी की सीटचं प्लास्टिक जळतानाही टोल्युइनसारखे पदार्थ सुटतात, आणि तेच पेट्रोलमध्येही असतात. त्यामुळे एखादा घटक सापडून भागत नाही, सगळ्या घटकांचं आपसातलं प्रमाण जुळावं लागतं. शिवाय पेट्रोलच्या गाडीत पेट्रोल सापडलं यात नवल काय? डिझेल गाडीच्या मागच्या सीटवर सापडलं, तर मात्र विचारायला हवं. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक घोळ: गाडीखालच्या ओल्या मातीतले जिवाणू पेट्रोल खाऊन टाकतात, म्हणून मातीचा नमुना थंड ठेवावा लागतो.

एवढं करून कळतं ते ‘गाडी कुठली’ आणि ‘पेटवली की पेटली’. ‘कोणी’ हे कळत नाही. ते परिस्थितिजन्य पुराव्यावर सोडावं लागतं आणि तिथे विज्ञान वकिलांच्या हातात जातं. १९३०च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनजवळ आल्फ्रेड राऊस नावाच्या माणसाची मॉरिस मायनर गाडी जळाली, आत एक प्रेत होतं. पेट्रोलच्या नळीचा पितळी जोड सैल सापडला. तो मुद्दाम सैल केला, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. बचावाच्या तज्ज्ञाने उष्णतेमुळे असे जोड सैल होतात असं सांगितलं. सरकारी वकील नॉर्मन बर्केट यांनी त्याला एकच विचारलं: पितळेचा प्रसरण गुणांक किती? तज्ज्ञाला सांगता आला नाही. तो साधारण एका अंशाला १९ दशलक्षांश आहे, म्हणजे मीटरभर पितळी सळी अंशाला ०.०१९ मिलिमीटर वाढते. आकडा तोंडपाठ नसल्याने जोडाचा प्रश्न सुटत नाही, पण ज्युरीपुढे तज्ज्ञ उघडा पडला. मला ही युक्ती आवडत नाही. मार्च १९३१ मध्ये राऊसला फाशी झाली. गाडीतला माणूस कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आपल्याकडे ज्युरी नाही, पण मोजमाप कडक आहे. शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्यासाठी पाच कसोट्या सांगितल्या. सगळ्या कड्या जुळून आरोपीच्या निर्दोषपणाला वाजवी जागाच उरू नये, असं त्यांचं सार. गाडी भाड्याची असेल तर त्या काळ्या प्लेटवरच्या पिवळ्या नंबरामागे भाड्याचा करार असतो, बहुधा जीपीएसही असतं. टोल लागला तर फास्टॅगची नोंद असते, मोबाइलचा टॉवर असतो. यातलं काहीच सड्यावरच्या आगीत जळत नाही. तरी फास्टॅग गाडीचा असतो, माणसाचा नाही.

आणि समजा आरोपी पोलिसांना म्हणाला, ‘‘गाडी मीच पेटवली, पेट्रोलचा कॅन काजूच्या बागेत टाकला,’’ आणि पंचांसमोर कॅन तिथेच सापडला. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३वं कलम या वाक्याचा फक्त दुसरा तुकडा आत घेतं. कॅन कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं, एवढंच न्यायाधीश लिहून घेतात. ‘मीच पेटवली’ हे बाहेर राहतं.