आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली?

माझ्या भाच्याने 2002 सालची होंडा सिटी व्हीटेक घेतली आणि आठवड्यातच हवेच्या फिल्टरचा काळा डबा काढून तिथे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला. "मामा, पिकअप बघा!" म्हणत साताऱ्याहून मला यवतेश्वरच्या घाटात नेलं. आवाज खरंच दमदार होता. पण आवाज म्हणजे ताकद, हा समज गॅरेजागणिक भेटतो आणि तो खोडायलाच हवा.

दीड लिटरचं इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्यांवर सेकंदाला साधारण 75 लिटर हवा ओढतं. ही हवा संथ वाहत नाही, हिसके देत जाते. व्हॉल्व्ह उघडतो, पिस्टन खाली जातो, सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत विरळपणा तयार होतो. तो ध्वनीच्या वेगाने उलटा, नळीच्या उघड्या तोंडाकडे धावतो. तिथे बाहेरची हवा आत घुसते आणि विरळपणाऐवजी दाबाची लाट परत फिरते. नळी 40 सेंटिमीटरची असेल तर जाऊन-येऊन सुमारे 2.3 मिलिसेकंद लागतात. व्हॉल्व्ह उघडा असतो 6 ते 7 मिलिसेकंद. तेवढ्यात लाट दोन-तीन खेपा करते, एकदा दाबाची, एकदा विरळपणाची. व्हॉल्व्ह मिटताना दाबाची खेप पोहोचली, तर हवेचा एक जादा घोट फुकट मिळतो! म्हणून मॅनिफोल्डच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला हवा वाटणाऱ्या जोडणीच्या, नळ्यांची लांबी बासरीच्या भोकांसारखी मोजून ठरवलेली असते.

फिल्टरच्या डब्याला जोडलेली रिकामी कुपी म्हणजे रेझोनेटर. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो. तसाच या कुपीचाही एक सूर असतो आणि त्या सुराची गुरगुर ती गिळून टाकते. कुपी काढली की गुरगुर मोकळी होते. भाच्याला ऐकू आली ती हीच.

उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, हे त्याहून वाईट. बाहेर 32 अंश आणि बॉनेटखाली 62 असेल, तर हवा 9 टक्के विरळ होते. घाटात ट्रकमागे रखडताना नेमकं हेच घडतं. शिवाय 500 मीटर चढलं की हवा आणखी जवळपास 5 टक्के विरळ होते. ती घट कुठलाच फिल्टर भरून काढत नाही. पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधून ॲव्हरेज वाढवणारे तर सरळ फसवतात. पेट्रोलवर चुंबकाचा म्हणण्यासारखा परिणाम होतच नाही.

खर्च करण्याआधी मोजा. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरा. एक टोक फिल्टरनंतरच्या पाइपला जोडा, दुसरं मोकळं ठेवा. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्याने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा, तुम्ही पाणी पाहा. दोन बाजूंत 10 सेंटिमीटरचा फरक म्हणजे वातावरणाच्या दाबाचा फक्त सुमारे 1 टक्का. फरक एवढाच असेल तर नवा इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा फिल्टर-पाइपचा संच, घेऊन हाती फार काही लागणार नाही. कागदी फिल्टर बदला. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर धूळ उडते तेव्हा तो लवकर चोंदतो.

फरक बराच जास्त निघाला, तरच नवा इनटेक घ्या. तोही बंद डब्याचा, हेडलाइटमागून गार हवा घेणारा. पाइपचं तोंड बंपरखाली नेणारे संच टाळा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि तोंड बुडालं, तर पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो.