फ्यूजर गिअर बदलणे

लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर पक्का करणाऱ्या तप्त भागाला फ्यूजर म्हणतात. मोटरची गती या फ्यूजरपर्यंत पोचवणारे प्लॅस्टिकचे दंतचक्र झिजले किंवा त्याचे दाते तुटले, की ते काढून नवे बसवावे लागते. ‘दंतचक्र’ हा शब्द पुस्तकातला. नाशिकच्या दुकानात ‘गिअर कटलाय’ एवढे म्हटले तरी काम भागते.

छोट्या प्रिंटरमध्ये बहुधा एकच मोटर असते. कागद उचलणारा रोलर, कार्ट्रिजमधला ड्रम (अक्षरे आधी ज्याच्यावर उमटतात तो) आणि फ्यूजर हे सगळे तिच्यावरच फिरतात. फ्यूजरमध्ये वर हीटर व त्याभोवती टेफलॉनची पातळ नळी, तर खाली रबरी प्रेशर रोलर असतो. गिअर बसतो तो या रोलरच्या टोकाला. टेफलॉनची नळी या रोलरच्या घर्षणाने आपोआप फिरते. टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिकची भुकटी. ती वितळवण्यासाठी हीटर साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, आणि त्याच्या शेजारीच दिवसभर फिरून गिअर ठिसूळ होत जातो.

आधी करकर ऐकू येते. एखादा दाता तुटला असेल तर प्रत्येक फेऱ्याला एकदा, ठरलेल्या ठेक्यात, ‘टक्’ असा आवाज येतो. मग कागद अडकू लागतो. सर्वांत खात्रीची खूण त्या अडकलेल्या कागदावरच दिसते: मागून रेटा चालू आणि फ्यूजर थांबलेला, त्यामुळे कागदाला फ्यूजरच्या तोंडाशी पंख्यासारख्या बारीक घड्या पडतात. अक्षरांवरून बोट फिरवले तर काळे पुसून येते. कागद ट्रेमधूनच सुटत नसेल, तर दोष बहुधा कागद उचलणाऱ्या रोलरचा, म्हणजे पिकअप रोलरचा. गिअरला उगाच हात लावू नये.

नोटा छापणाऱ्या नाशिकरोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयामुळे १९२८ पासून नाशिकचे नाव छपाईशी जोडलेले आहे. शहराची रोजची छपाई मात्र जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आसपास, टेबलावर मावणाऱ्या मशीनवर चालते. प्रतिज्ञापत्र अकराच्या आत द्यायचे असते, कागद अडकतो, आणि झाकण न उघडताच तो मागून हिसकला जातो. अनेक मॉडेलांत झाकण उघडल्यावरच गिअरची साखळी सैल होते. बंद झाकणात ओढलेला कागद दात्यांना उलटा पीळ देतो. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या रिमचा दमट कागद गुंडाळतो, त्याची भर वेगळीच.

काम करताना आधी वायर भिंतीतून काढायची, कारण हीटरला थेट २३० व्होल्टचा पुरवठा असतो. मग अर्धा तास मशीन थंड होऊ द्यायचे. ड्रमला उजेड सोसत नाही, म्हणून कार्ट्रिज काढून वर्तमानपत्रात गुंडाळावे. बाजूचे कव्हर उघडले की गिअर सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढावा. हा फोटो टाळणारा माणूस शेवटी उरलेला एक गिअर हातात घेऊन बसतो. नवा गिअर जुन्यावर ठेवून दाते मोजायचे. दाते तिरके असतील तर त्यांचा कलही जुळायला हवा. उलट्या कलाचा गिअर शेजारच्या गिअरशी जुळत नाही. एचपी १०२० आणि कॅनॉन एलबीपी २९०० या दोन्ही प्रिंटरांचे इंजिन, म्हणजे आतली यंत्रणा, कॅनॉनचे असल्याने ‘टेन-ट्वेंटीचा’ म्हणून मागितलेला गिअर दुसऱ्यातही चालतो. सांडलेला टोनर कोरड्या फडक्याने पुसावा, हात गार पाण्याने धुवावेत. गरम पाण्याने तो चिकटतो.

खरी चूक पुढे होते. गिअर तुटला म्हणून फक्त गिअर बदलला जातो, पण तो बऱ्याचदा दुसऱ्याच्या पापाचे फळ भोगत असतो. प्रेशर रोलरच्या दोन्ही टोकांचे बुश, म्हणजे रोलर ज्यांत फिरतो त्या कड्या, झिजले किंवा त्यांतले ग्रीस वाळून खडखडीत झाले, की रोलर जड फिरतो आणि सगळा भार दात्यांवर येतो. बुश तसेच ठेवले तर नवा गिअरही त्याच वाटेने जातो. म्हणून रोलर आधी हाताने फिरवून पाहावा, बुश बदलावेत आणि प्लॅस्टिकला चालणारे ग्रीस अगदी नखभर लावावे. जास्त लावले तर त्यावर टोनर बसून काळा लगदा होतो.

जुना गिअर कारागीर सहसा फेकत नाहीत. तो ड्रॉवरमधल्या डबीत जातो आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा नग जुळवताना नमुना म्हणून बाहेर येतो.