पीडित-सहाय्याचं शिक्षण: बेळगाव भागातल्या मराठी अर्जदारांचे कागद कुठे अडकतात

गुन्ह्याला बळी पडलेल्यांचा अभ्यास म्हणजे पीडितशास्त्र, पण ‘पीडितशास्त्र’ नावाची पदवी शोधत बसू नका. हा विषय गुन्हेगारीशास्त्राच्या एम.ए.मध्ये पेपर म्हणून येतो. बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र आणि एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र व न्यायवैद्यक विभाग आहे. पदवी नसलेल्यांसाठी जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं पॅरा लीगल व्हॉलंटिअरचं, म्हणजे वकील नसलेल्या कायदा-मदतनिसाचं, प्रशिक्षण आहे, त्याला दहावी पुरते.

पुढे काय करायचंय ते आधी ठरवा. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या खटल्यात मुलासोबत राहणाऱ्या ‘सपोर्ट पर्सन’साठी किमान पदवी आणि बाल मानसशास्त्र, समाजकार्य किंवा बालकल्याणातला अनुभव हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलंय. नुसत्या पदवीवर ते काम मिळेल असं धरून चालू नका.

विद्यापीठाचा अर्ज यूयूसीएमएस या कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या सामायिक पोर्टलवर भरायचा. भरणं सोपं आहे. खरी अडचण कागद तपासणीच्या टेबलावर येते, आणि तिथे सगळ्यात जास्त लोक मायग्रेशन सर्टिफिकेटवर अडकतात.

मायग्रेशन म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना पहिल्याने द्यायचा दाखला. कॉलेजचा टीसी म्हणजे मायग्रेशन नव्हे. चंदगड-गडहिंग्लजकडे शिकून शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांना मायग्रेशन लागतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण बेळगावच्याच कॉलेजात शिकून धारवाडला जाणारे म्हणतात, ‘राज्य तर एकच आहे की!’ राज्य एक असलं तरी विद्यापीठं दोन आहेत. चन्नम्मा विद्यापीठ 2010 साली सुरू झालं. त्याआधी बेळगावात पदवी घेतलेल्यांची पदवी धारवाडची, म्हणून त्यांना बेळगावात प्रवेश घ्यायलासुद्धा धारवाडहून मायग्रेशन आणावं लागतं. घरापासून हाकेच्या अंतरावरच्या कॉलेजात शिकलेल्या बाईला हे पटवताना कारकुनाची चिडचिड होते. तिची होत नाही का? प्रवेशाची जाहिरात यायची वाट न बघता हा कागद आधीच मागवून ठेवा.

दुसरा अडसर जातीच्या दाखल्याचा. महाराष्ट्रातला दाखला, कुणबी असो वा आणखी कुठला, कर्नाटकातल्या आरक्षणाला चालत नाही. इथे मराठा मागासवर्गांच्या यादीतल्या 3बी प्रवर्गात येतात आणि दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, काढावा लागतो. 2ए ते 3बी या प्रवर्गांचा जात-उत्पन्न दाखला पाच वर्षंच चालतो. पोर्टलला त्यावरचा आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, लागतो, म्हणून जुन्या दाखल्याची झेरॉक्स कितीही जपून ठेवली असली तरी उपयोग शून्य. माहेर महाराष्ट्रात आणि सासर खानापुरात असलेल्या मुलींनी नवऱ्याच्या जातीवर भरवसा ठेवू नये. जात साधारणपणे वडिलांकडून धरतात. कागदांच्या मागे धावण्यात मुदत जात असेल तर सरळ सर्वसाधारण गटातून अर्ज भरा.

मग नाव. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डावर पुढे इनिशियल, आधारवर नाव-वडील-आडनाव, लग्नानंतर तिसरंच काही. अर्जात एसएसएलसीवरचं नाव जसंच्या तसं टाका आणि आधार त्याला जुळवून घ्या. मार्क्स कार्ड बदलायला गेलात तर वर्ष हातचं जाईल. नाडकचेरीत जायच्या आधीच आधार दुरुस्त करा, नाहीतर तीच चूक दाखल्यावर कन्नडमध्ये उतरेल.

जाहिरातीत ऑनलाइन अर्जाची तारीख वेगळी आणि मूळ कागद दाखवायची वेगळी असते. दोन्ही वाचा. पहिलीच लक्षात ठेवून निवांत बसणारे दर वर्षी दिसतात.

व्हॉलंटिअरचं थोडं वेगळं आहे. निवडीची सूचना जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात लागते. कायद्याचे विद्यार्थी वकिलीची सनद मिळेपर्यंत अर्ज करू शकतात. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी ताई, बचत गटातल्या बायका यांनी तर जरूर करावा. ही नोकरी नव्हे. काम केलेल्या दिवसाचं मानधन मिळतं, पगार नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा. राजकीय पक्षाचं पद असलेल्यांनी वेळ वाया घालवू नये.

कन्नड वाचता-लिहिता येणं मात्र टाळता येत नाही. फिर्याद कन्नडमध्ये नोंदवली जाते, आणि निपाणी-खानापूरकडची बाई घडलेलं मराठीत सांगते. तिला वाचून दाखवलेला जबाब तिच्या सांगण्याशी जुळतो की नाही, हे बघायला दोन्ही भाषा जाणणारं माणूस लागतं. म्हणून अर्जात भाषा लिहिताना कन्नडच्या जोडीला मराठीही ठळक लिहा.