'मोठा श्वास घे' म्हणण्याआधी

परवा संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये शेजारी उभ्या असलेल्या मुलीला अचानक धाप लागली. छातीवर हात ठेवून ती एकच म्हणत होती, "काकू, मी मरतेय." बायकांनी तिला खिडकीशी बसवलं, कुणी पाणी दिलं आणि चहूकडून सल्ला सुरू झाला, "मोठा श्वास घे, जोरात घे!" ती घेत राहिली आणि बघता बघता तिच्या हातांची बोटं वाकडी होऊन आखडली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "बाहेरचं काहीतरी आहे."

बाहेरचं काही नव्हतं. होता तो पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीचा झटका, आणि बोटं आखडली ती त्या सल्ल्यामुळेच.

धाप लागली म्हणजे ऑक्सिजन कमी पडला, असं आपण धरून चालतो. अशा झटक्यात रक्तात ऑक्सिजन सहसा भरपूर असतो. कमी पडतो तो कार्बन डायऑक्साइड. भीतीने अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक सुटतं, हृदय धडधडतं, श्वास वाढतो. शरीराची ही तयारी पळण्यासाठी असते. पण गर्दीच्या डब्यात पळणार कुठे? स्नायू राबत नाहीत, म्हणून कार्बन डायऑक्साइड वाढत नाही, आणि श्वासावाटे बाहेर मात्र भराभर जातो. धमनीच्या रक्तात त्याचा दाब एरवी 35 ते 45 मिलिमीटर पारा असतो. तो उतरला की रक्तातलं आम्ल घटतं, पीएच (आम्लतेचं माप, आम्ल घटलं की हा आकडा वाढतो) नेहमीच्या 7.4 वरून वर सरकतो.

आता खरी गंमत. आम्ल घटलं की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. शिवाय रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन तो ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, सहज सोडत नाही. यालाच बोर परिणाम म्हणतात. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ख्रिश्चन बोर आणि सहकाऱ्यांनी तो 1904 साली मांडला. म्हणून चक्कर येते, आजूबाजूचं सगळं खोटं वाटतं. आणि बोटं? रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावर हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लाचे विद्युतभारित कण, बसलेले असतात. पीएच वाढला की ते सुटतात आणि मोकळ्या जागा कॅल्शियम पटकावतो. रक्तातलं एकूण कॅल्शियम तेवढंच राहतं, पण मोकळं कॅल्शियम घटतं. ते घटलं की मज्जातंतू जरा जरा कारणाने पेटतात. आधी मुंग्या, मग आखडणं.

म्हणजे मुंग्या खऱ्या, चक्कर खरी. 'मनाचे खेळ आहेत' म्हणणं साफ चूक. चुकतो तो त्यांचा अर्थ. हार्ट अटॅकच आला, असं वाटतं, भीती दुप्पट होते, श्वास आणखी वाढतो. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने 1986 साली हेच दुष्टचक्र मांडलं. (छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर मात्र आधी ईसीजी. घरच्या घरी निदान नको.)

झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप ओसरतो. ज्याने त्या वेळेत लिंबू उतरवलं, श्रेय त्याला जातं.

मी तिला एवढंच सांगितलं, "माझ्याबरोबर श्वास सोड, हळूहळू." ठाण्याच्या आसपास बोटं मोकळी झाली. तेव्हा ती म्हणाली, "उद्यापासून बसनेच जाईन."

मला धास्ती वाटली ती या वाक्याची. झटका संपतो, पण 'पुन्हा आला तर?' ही चिंता दिवसभर चालू राहते. माणूस स्वतःची नाडी चाचपत बसतो. जिना चढल्यावरची साधी धडधडही त्याला इशारा वाटते आणि तिथूनच पुढचा झटका उठतो. लोकल टाळली की बरं वाटतं खरं, पण मेंदू धडा शिकतो : वाचलो, कारण गाडीत चढलो नाही. मग बस, मग लिफ्ट, मग सिनेमागृह.

उपचारात याच्या नेमकं उलट करतात. थेरपिस्ट खुर्चीत गरगर फिरवतात, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात. तीच चक्कर, तीच धडधड मुद्दाम आणतात आणि ती ओसरेपर्यंत थांबायला शिकवतात. गरज पडली तर औषधंही असतात.

डोंबिवलीला ती उतरली. त्याआधी तिच्या मोबाइलमध्ये 14416 हा नंबर टाकून दिला : टेलि-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी, मोफत, मराठीतही बोलतात.