हर्पिस, सर्प आणि नागीण

मराठीतली नागीण सोलापुरातल्या कन्नड घरात ‘सर्पसुत्तु’ होते आणि तेलुगू घरात ‘सर्पी’. तिन्ही भाषांनी कातडीवर वळसा घेत जाणाऱ्या फोडांत साप पाहिला. त्यामुळे डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘हर्पिस’ लिहिले की अनेकांना नागीणच आठवते आणि तिची दोन तोंडे जुळण्याची धास्तीही. ‘हर्पिस’ हा ग्रीक शब्दही ‘सरपटणे’ या क्रियापदापासून आलेला असून त्याचे आणि संस्कृत ‘सर्प’ शब्दाचे मूळ एकच आहे. नागीण मात्र कांजिण्यांच्या विषाणूमुळे उठते. जननेंद्रियांवरचा हर्पिस होतो तो हर्पिस सिम्प्लेक्स या वेगळ्या विषाणूमुळे, प्रामुख्याने लैंगिक संबंधांतून.

झाँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने १७३६ मध्ये या आजाराचे वर्णन केले. तरीही आपल्याकडे गुप्तांगावरचा कोणताही व्रण बराच काळ ‘गरमी’ या एकाच नावाखाली जमा होत राहिला. १९६०च्या दशकात विषाणूचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे ओळखले गेले: पहिला मुख्यतः ओठांवरचा, दुसरा जननेंद्रियांवरचा, मात्र मुखमैथुनातून पहिलाही खाली पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधील अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियांवरच्या हर्पिसचा संसर्ग आहे.

त्यांतील बहुतेकांना त्याची कल्पना नसते, कारण लक्षणे सौम्य असतात किंवा नसतातच. विषाणू पाठीच्या कण्याच्या खालच्या भागाजवळील चेतापेशींत आयुष्यभर दडून राहतो आणि फोड दिसत नसतानाही पसरू शकतो. निरोध वापरल्याने धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही. दुसऱ्या प्रकारच्या संसर्गामुळे एचआयव्हीची लागण होण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो. गरोदरपणाच्या अखेरीस आईला प्रथमच संसर्ग झाला, तर प्रसूतीत तो बाळाला होऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण बाळाच्या जिवावर बेतू शकते.

१९८०च्या दशकात वापरात आलेले असायक्लोव्हिर हे औषध विषाणूला रोखते, नष्ट करत नाही. लैंगिक आजारांवर उपचार करणाऱ्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ते लाल रंगाच्या औषध-किटमधून सात दिवसांसाठी मिळते. रंगामुळे रुग्णाला चारचौघांत आजाराचे नाव उच्चारावे लागत नाही, ही सोय खरी. पण आजार नीट समजावून सांगितला नाही, तर फोड सुकताच तो बरा झाला असे मानले जाते. पुढे फोड पुन्हा उठले की घरात जोडीदारावर संशय येतो, प्रत्यक्षात संसर्ग लग्नाआधीचाही असू शकतो.