औषधांची नावं लक्षात कशी ठेवायची? डी. फार्म.च्या विद्यार्थ्यांसाठी आमच्या वर्गाची माहिती

डी. फार्म.ची, म्हणजे औषधनिर्माणाच्या पदविकेची, दोन वर्षं संपत आली की औषधांच्या नावांची लांबलचक यादी पाठ करायला घेतली जाते. चौथं पान येईपर्यंत पहिलं पान विसरलेलं असतं. फार्मासिस्ट म्हणून नोंदणीसाठीची एक्झिट परीक्षा अशा पाठांतरावर निघत नाही. २०२२ च्या नियमांनुसार तिचे तीन पेपर आहेत. सगळे प्रश्न बहुपर्यायी आणि इंग्रजीतून, आणि प्रत्येक पेपरात वेगळे ५० टक्के हवेत. चारही पर्याय ओळखीचे वाटतात, तिथेच मुलं अडतात.

म्हणून आम्ही नाव शेवटाकडून वाचायला शिकवतो. एनालाप्रिल, रॅमिप्रिल: शेवटी ‘प्रिल’, म्हणजे बीपीचं औषध, आणि कोरडा खोकला हा त्याचा ठरलेला त्रास. त्या खोकल्यामुळे डॉक्टर बरेचदा ‘सार्टन’वर जातात: लोसार्टन, टेल्मिसार्टन. ‘डिपिन’ म्हणजे अॅम्लोडिपिनची मंडळी, तीही बीपीचीच, पण घोट्यांवर सूज आणणारी. ‘ओलॉल’ म्हणजे बीपी-हृदयाची, पण श्वासनलिका आवळू शकणारी औषधं; ते दिसलं की आधी विचारायचं, पेशंटला दमा आहे का? ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलसाठी, ‘ग्लिप्टिन’ शुगरसाठी. असा एक गट नीट समजला की त्यातली पुढची नावं जड जात नाहीत.

पण या युक्तीवर डोळे झाकून विसंबू नका. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल अॅसिडिटीसाठी, पण अॅरिपिप्राझोल मानसिक आजारासाठी असतं. हायड्रॅलाझिन बीपीचं, हायड्रॉक्सिझिन खाजेचं. अशा जोड्या आम्ही पुन्हा पुन्हा विचारतो, कारण पेपरात एक गुण जातो, पण काउंटरवर चुकीची गोळी माणसाच्या पोटात जाते.

मेडिकलमध्ये काम करणाऱ्या मुलांना टेल्मा, ग्लायकोमेट, थायरोनॉर्म, इकोस्प्रिन झोपेतही सांगता येतात. ही मोठी जमेची बाजू आहे, ती वाया घालवू नका. स्ट्रिप हातात आली की ब्रँडखालचं बारीक नाव मोठ्याने वाचा: टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, लेव्होथायरॉक्सिन, अॅस्पिरिन. मग पेशंटला काय सांगाल ते स्वतःशी बोला. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, मेटफॉर्मिन जेवणासोबत, पँटोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी लिहिलं असेल तर आठवड्यातून एकदाच. ते रोज घेतलं गेलं तर जीव जाऊ शकतो. हे एक वाक्य आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याने पेशंटशी बोलावं तसं मराठीत म्हणून दाखवायचं असतं.

गणितालाही आम्ही भरपूर वेळ देतो. इन्सुलिनच्या कुपीत साधारण एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटवाल्याची केशरी. सिरिंज बदलली की डोस बदलला. पॅरासिटामॉलचं सिरप १२० मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही, दोन्ही ५ मिलिलिटरला. डॉक्टरांनी १८० मिलिग्रॅम लिहिलं तर पहिल्याचं माप ७.५ मिलिलिटर, दुसऱ्याचं ३.६. बाटलीवरचा आकडा न वाचता ‘एक चमचा’ सांगणं आम्हाला अजिबात चालत नाही.

दिंडोरी-निफाडकडून येणाऱ्या मुलांना द्राक्षबागेतली फवारणी सांगावी लागत नाही. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधा, त्यावर अॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम, हा परीक्षेचा प्रश्न त्यांच्या घराजवळचाच आहे. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक का होतात, लाळ का गळते, यामागचं कारण समजलं की उतारा पाठ करावा लागत नाही.

कायद्याच्या भागात शेड्यूल एच-वन, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या काही औषधांची यादी, पक्कं करा. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या यादीत क्षयाची औषधं, सेफॅलोस्पोरिन गटातली वरच्या पिढ्यांची अँटिबायोटिक्स, अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधं येतात. विक्रीची वेगळी नोंदवही ठेवावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. शेड्यूल एक्स या आणखी कडक यादीतल्या औषधांची चिठ्ठी मात्र दोन प्रतींत लागते.

तुकडी मुद्दाम लहान ठेवतो, म्हणजे प्रत्येकाला बोलायला वेळ मिळतो. संध्याकाळची वेळ मेडिकलमध्ये काम करणाऱ्यांना सोयीची व्हावी म्हणून आहे. उशिरा सुटणाऱ्यांसाठी रविवारी सकाळी तोच भाग पुन्हा घेतला जातो. फी भरण्याआधी एक तास बसून बघा, पटलं तरच नाव नोंदवा. पहिल्या दिवशी घरातल्या रिकाम्या स्ट्रिप घेऊन या. आजीच्या बीपीच्या असोत की आईच्या थायरॉइडच्या, शिकवायला तिथूनच सुरुवात होते.