घरची धुलाई, घरची इस्त्री : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या लाँड्रीच्या काउंटरवर येणाऱ्या कपड्यांत नुसते मळून खराब झालेले थोडेच असतात. बरेचसे घरी उपाय करायला जाऊन बिघडलेले असतात : गरम पाण्यात आटलेला स्वेटर, इस्त्रीने चकाकलेली काळी पँट, ब्लीचने काखेत आणखीच पिवळा पडलेला पांढरा शर्ट. मळ काढणे हे आमचे रोजचे काम आहे. पण आटून जाड झालेली लोकर पुन्हा पूर्वीसारखी करणे किंवा वितळलेला धागा परत उभा करणे आम्हालाही जमत नाही. अशा नुकसानीच्या मुळाशी बहुतेक वेळा उष्णता असते, चुकीच्या कापडाला किंवा चुकीच्या वेळी दिलेली. ती कुठे द्यायची, कुठे टाळायची, हे कळावे म्हणून हे पत्रक. ते वाचून रोजचे कपडे तुम्ही घरीच धुवायला लागलात तरी आमची हरकत नाही. जे कपडे आमच्याकडे येतील ते निदान बऱ्या अवस्थेत येतील.

आधी आतली पट्टी वाचा

कॉलरच्या आत किंवा बाजूच्या शिवणीत असलेली छोटी पट्टी टोचते म्हणून बरेच जण ती कापून टाकतात. कापायचीच असेल तर आधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. तिच्यावरच्या चित्रांची पद्धत रुळवणारी संघटना 1963 साली पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि आज ही चित्रे जवळजवळ सगळीकडे सारखीच दिसतात. पाण्याचा टब म्हणजे धुणे, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणे, इस्त्रीचे चित्र म्हणजे इस्त्री, आणि नुसता गोल दिसला की ते आमच्यासारख्यांचे काम. चित्रावर फुली असेल तर ती गोष्ट करायची नाही.

टबाखाली एक रेघ असेल तर मशीन हलक्या फेऱ्यावर लावा, दोन रेघा असतील तर त्याहून हलक्या. टबात हात दाखवला असेल तर कपडा हातानेच धुवायचा आणि पाणी 40 अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही. इस्त्रीच्या चित्रातले ठिपके तर पाठच करून ठेवा : एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. बऱ्याच इस्त्र्यांच्या बटणावरही हेच ठिपके असतात.

कापड ओळखा, मग पाणी ठरवा

सुती आणि लिननचा धागा ओला झाला की उलट मजबूत होतो. म्हणून हे कपडे घासणे, पिळणे, गरम पाणी, सगळे सहन करतात. व्हिस्कोस किंवा रेयॉनचे नेमके उलटे आहे. दिसायला ते सुतीसारखे मऊ असते, पण भिजले की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. सुती समजून त्याला पीळ दिला की शिवणी उसवतात, कापड ताणले जाते. ते टॉवेलमध्ये गुंडाळून, दाबून पाणी काढावे.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबणाचा क्षार आणि घासणे हे तिन्ही एकत्र आले की खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा घट्ट होतो. खवले एकदा अडकले की सुटत नाहीत. त्यामुळे लोकरीसाठी गार किंवा जेमतेम कोमट पाणी, लोकरीचे सौम्य द्रावण आणि हलक्या हाताने दाबणे एवढेच करा. धुण्याचे आणि खंगाळण्याचे पाणी साधारण एकाच तापमानाचे असू द्या.

लोकर आणि रेशीम दोन्ही प्रथिनांचे बनलेले असतात हे लक्षात ठेवले की बाकीचे नियम आपोआप कळतात. बऱ्याच पावडरींमध्ये रक्तासारखे प्रथिनांचे डाग पचवणारी एन्झाइम असतात. ती डाग आणि रेशीम यांत फरक करत नाहीत. क्लोरीनचे ब्लीच तर लोकर-रेशीम अक्षरशः विरघळवते.

पॉलिएस्टरला पाण्यापेक्षा तेल जवळचे. म्हणून त्याच्यावरचा तेलाचा डाग आणि घामाचा वास चिवट असतो. खेळाचे कपडे घामेजलेले बादलीत साठवू नका, उलटे करून लवकर धुवा. त्यांना सॉफ्टनर लावला की त्याचा थर बसून घाम शोषण्याचा गुणच जातो. टॉवेलचेही तसेच, मऊ होतो पण अंग पुसत नाही. पांढरे नायलॉन दुसऱ्याचा रंग चटकन घेते, ते वेगळेच धुवा.

रंग जाईल का?

नवा गडद कपडा पहिल्यांदा धुण्याआधी आतल्या शिवणीची कडा ओली करा आणि तिच्यावर पांढरे फडके दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर कपडा वेगळा धुवायचा, भिजत घालायचा नाही आणि ओला असताना घडी करून ठेवायचा नाही. मीठ किंवा व्हिनेगर घातले की रंग पक्का होतो हे आम्ही रोज ऐकतो. कारखान्यात रंगवलेल्या आजच्या कापडाचा रंग त्याने पक्का होत नाही. मीठ वाया जाते, एवढेच.

डाग

या विभागाला थोडा वेळ द्या. डागाचे दोनच नियम आधी सांगतो, बाकी सगळे त्यांच्यातून निघते. पहिला, चोळू नका. टिपकागद किंवा स्वच्छ फडक्याने दाबून टिपा, बाहेरच्या कडेकडून मध्याकडे या आणि शक्य असेल तर कापडाच्या मागच्या बाजूने काम करा, म्हणजे डाग आला त्याच वाटेने बाहेर जाईल. दुसरा, डाग पूर्ण गेला याची खात्री होईपर्यंत गरम पाणी नाही, ड्रायर नाही आणि इस्त्री तर नाहीच.

रक्त, दूध, अंडे, घाम हे प्रथिनांचे डाग. अंडे उकळत्या पाण्यात घट्ट होते तसेच हे गरम पाण्याने धाग्यात घट्ट बसतात. ते गार पाण्याखाली धरा, मग गार पाण्यातच साबण लावा. तेलाचे, तुपाचे, मेकअपचे डाग याच्या उलट. त्यांच्यावर नुसते पाणी ओतण्यात अर्थ नाही. ताज्या डागावर टाल्कम पावडर पसरून ठेवा, तेल शोषले गेले की झटका, मग भांडी घासण्याच्या द्रवाचे दोन थेंब लावून बोटाने हलकेच जिरवा आणि कापडाला चालेल तेवढ्या कोमट पाण्यात धुवा. चहा-कॉफीचा डाग ताजा असताना नुसत्या पाण्यानेही बराच निघतो. वाळला की ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे क्लोरीन नसलेले सौम्य ब्लीच, लागते.

बॉलपेनच्या शाईला हँड सॅनिटायझर किंवा स्पिरिट चालते. डागाखाली जाड फडके ठेवा, वरून स्पिरिटचा बोळा दाबा आणि खालचे फडके सतत सरकवत राहा, नाहीतर शाई पसरून डाग दुप्पट होईल. आधी आतल्या कडेवर रंग तपासून घ्या. नेलपॉलिश काढायचे द्रव मात्र वापरू नका. त्यात ॲसिटोन असते आणि ॲसिटेटचे कापड त्यात विरघळते. कोटाचे अस्तर पुष्कळदा ॲसिटेटचेच असते.

काखेतला पिवळेपणा नुसत्या घामाचा नसतो. घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामात मिसळून तो तयार होतो. क्लोरीन ब्लीचने तो वाढतो, गंजाचा डागही वाढतो. काखेसाठी ऑक्सिजन ब्लीचची पावडर कोमट पाण्यात विरघळवून शर्ट तासभर भिजवा. गंज आमच्याकडे द्या, त्यावरची रसायने घरात ठेवण्यासारखी नसतात.

एक डाग असा आहे की जो सांडतो तेव्हा दिसतच नाही. साखरेचे रंगहीन पेय सांडून वाळले की कपडा स्वच्छ वाटतो. तो तसाच कपाटात जातो. काही महिन्यांनी किंवा इस्त्रीचा पहिला चटका बसला की तिथे तपकिरी वर्तुळ उमटते, कारण साखर करपते. ग्राहक म्हणतात, लाँड्रीने डाग पाडला. काय सांडले ते आधी सांगितलेत तर आम्ही ती जागा आधी पाण्याने साफ करतो, कारण ड्रायक्लीनिंगच्या द्रावकात साखर विरघळत नाही.

ब्लीचबद्दल एक ताकीद, ही कपड्यांची नाही, तुमची. क्लोरीन ब्लीचमध्ये व्हिनेगर, संडास साफ करायचे ॲसिड किंवा अमोनिया असलेले काहीही कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

मशीन आणि पावडर

खिसे रिकामे करा, चेन लावा, बटणे सोडा, हूक असलेले कपडे जाळीच्या पिशवीत घाला. ड्रम गच्च भरू नका. कपड्यांच्या वर हाताचा पंजा उभा जाईल एवढी जागा हवी. कपडे वर-खाली आपटले तरच मळ सुटतो.

पावडर जास्त तर स्वच्छता जास्त, हा समज काही जात नाही. जास्त फेसात कपडे तरंगतात, आपटत नाहीत, आणि न निघालेली पावडर धाग्यात राहून कपडे कडक आणि करडे होतात. पुढे इस्त्री करताना हाच थर जळून तपकिरी ठिपके पडतात. टॉवेल नुसत्या पाण्यात फिरवून पाहा. फेस आला तर तुमचे माप जास्त आहे. पाणी क्षारयुक्त असेल तर साध्या साबणाचा चोथा होऊन तो कापडावर बसतो, तिथे डिटर्जंट वापरा किंवा थोडा धुण्याचा सोडा घाला. सोडा सुती कपड्यांसाठीच, लोकर-रेशमाला नको.

नीळ आधी भरपूर पाण्यात नीट विरघळवा, मग कपडा बुडवा. निळीचे चट्टे काढायला येणारे शर्ट कमी नाहीत.

वाळवणे

धुऊन झाले की कपडे मशीनमध्ये पडून राहू देऊ नका. पडलेल्या सुरकुत्या इस्त्रीला दुप्पट वेळ घेतात आणि कुबट वास येतो तो वेगळा. जोरात झटका, कॉलर आणि शिवणी हाताने ओढून सरळ करा, मग वाळत घाला. पांढरे सुती उन्हात, रंगीत उलटे करून सावलीत. रेशीम आणि नायलॉन कडक उन्हात नकोच. विणलेला स्वेटर दोरीवर टांगला की स्वतःच्या ओल्या वजनाने लांब होतो, तो टॉवेलवर आडवा पसरा.

इस्त्री

सुती कापडाची सुरकुती पाण्याशिवाय का जात नाही? त्याच्या रेणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे बंध ओल आणि उष्णतेने सुटतात आणि कापड कोरडे, थंड होताना नव्या जागी बसतात. म्हणून सुती कपडा किंचित दमट असतानाच इस्त्री करा, आणि केल्यावर लगेच अंगात घालू नका. थोडा वेळ हँगरवर थंड होऊ द्या. गरम असताना घातलेल्या शर्टाला पाठीवर नव्या चुण्या पडतात, त्याही पक्क्या.

सुरुवात नेहमी कमी उष्णतेच्या कपड्यांपासून करा : आधी नायलॉन, पॉलिएस्टर, रेशीम, मग लोकर, शेवटी सुती आणि लिनन. इस्त्री तापते झटकन, निवते सावकाश. सुतीनंतर बटण खाली फिरवून लगेच पॉलिएस्टरवर ठेवली की चकाकता डाग पडलाच. धागे मिश्र असतील तर त्यातल्या नाजूक धाग्याचे तापमान धरा.

इस्त्री गोल गोल फिरवू नका, त्याने कापड तिरके ताणते. उभ्या धाग्याच्या दिशेने न्या. शर्टाचा आमचा क्रम असा : कॉलर आधी, उलट बाजूने, टोकांकडून मध्याकडे, म्हणजे टोकावर घडी जमत नाही. मग कफ, बाह्या, खांद्याचा भाग, पाठ, आणि पुढच्या दोन बाजू शेवटी, कारण त्याच सगळ्यांच्या नजरेसमोर असतात. बटणांवरून इस्त्री नेऊ नका, त्यांच्या भोवतीने टोक फिरवा.

काळे आणि गडद कपडे उलटे करून, किंवा वर सुती फडके ठेवून इस्त्री करावेत. चकाकी येते ती तंतू दबून सपाट झाल्यामुळे. ती आलीच तर ओले फडके ठेवून वाफ द्या आणि मऊ ब्रशने तंतू उभे करा. लोकरीवर बऱ्यापैकी जाते, पॉलिएस्टर वितळले असेल तर नाही. भरतकाम जाड टॉवेलवर पालथे ठेवून मागून दाबा. मखमलीवर इस्त्री टेकवूच नका, लांबून वाफ द्या. रेशमावर पाणी शिंपडले तर थेंबांचे डाग राहतात. ते सगळीकडे सारखे दमट असताना उलट्या बाजूने करावे.

पांढऱ्या सुतीवर फिकट चटका बसला असेल तर मेडिकलमध्ये मिळणारे 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड फडक्याला लावून टिपून पाहा, मग धुवा. धागा जळून ठिसूळ झाला असेल तर उपयोग होत नाही.

वाफेच्या इस्त्रीतले पाणी काम झाल्यावर ओतून टाका, नाहीतर क्षार साठतात आणि एक दिवस पांढऱ्या शर्टावर तपकिरी पाणी ओघळते. कोणते पाणी घालायचे ते इस्त्रीच्या पुस्तिकेत असते. वायर गरम इस्त्रीभोवती गुंडाळू नका, आणि दाराची बेल वाजली तरी आधी प्लग काढा.

ठेवताना, आणि आमच्याकडे देताना

बरेच दिवस ठेवायचे कपडे धुऊन, पूर्ण वाळवून आणि खळ न लावता ठेवा. खळीवर किडे येतात, घामाच्या आणि खाण्याच्या डागांवर कसर लागते. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नका.

आमच्याकडे कपडा देताना डाग बोटाने दाखवा, कशाचा आहे ते सांगा आणि घरी त्याला काय लावले तेही सांगा. आम्ही त्यावरून काही बोलणार नाही. काय लावले ते कळले नाही तर आमचे रसायन त्याच्यावर चढते आणि कपडा जातो. सूटचा कोट आणि पँट सोबतच द्या, एकाचाच रंग उजळला तर जोडी जुळत नाही. कपडा परत नेल्यावर प्लास्टिकचे आवरण घरी गेल्या गेल्या काढा आणि कपाटात ठेवण्याआधी तासभर वाऱ्यावर टांगा.